वैखरी गेल्यानंतर

मौनाची स्तुति आमच्याकडे थोडीथोडकी झालेली नाहीं. ‘न बोलण्यांत नऊ गुण’ ही म्हण घरोघरीं ऐकूं येते. महात्मा गांधी सोमवारीं मौन पाळीत आणि त्या दिवशीं भेटीस आलेल्यांशीं चिठ्ठ्या लिहून व्यवहार करीत. अहमदनगर (आजचें अहिल्यानगर) शहरानजीकच्या मेहेराबादेस मेहेरबाबांनीं १० जुलै १९२५ रोजीं जें मौन धरलें, तें ३१ जानेवारी १९६९ रोजीं त्यांचा देहान्त होईपर्यंत सोडलें नाहीं. कित्येक वर्षें ते अक्षरें लिहिलेल्या फळीवर बोट फिरवून, आणि १९५४ नंतर केवळ हातांच्या खुणांनीं, आपलें म्हणणें भोंवतालच्या मंडळीस कळवीत. परंतु हें सर्व मौन घेतलेलें मौन होय. घेणाऱ्याचा त्यावर ताबा असतो, आणि पाहणाऱ्यांच्या मनांत त्याविषयीं आदर असतो. जें मौन रात्रींत येऊन मनुष्याच्या उरावर बसतें, ज्याची मुदत ठाऊक नसते आणि ज्याबद्दल आदर तर राहोच, पण साधी समजूतहि कोणी दाखवीत नाहीं, अशा लादलेल्या मौनाचा इतिहास फारसा लिहिला गेलेला नाहीं. त्यांतील कांहीं प्रसंग वाचकांपुढें ठेवण्याचा आमचा येथें विचार आहे.

या आपत्तीविषयीं मराठींत दोन निरनिराळे शब्दप्रयोग आहेत आणि त्यांतील भेद मोठा मार्मिक आहे. थंडीनें किंवा ओरडण्यानें घसा धरला म्हणजे ‘आवाज बसला’ असें आपण म्हणतों. भयानें, शोकानें किंवा अर्धांगवायूच्या झटक्यानें मनुष्य बोलेनासा झाला म्हणजे ‘वाचा बसली’ असें म्हणतों. आवाज कंठाचा, वाचा मनुष्याची. वैद्यकशास्त्रानें पुढें जवळजवळ हाच भेद कायम केला. एका प्रकारांत स्वरयंत्र निकामी होतें, पण शब्द शाबूत राहतात. दुसऱ्या प्रकारांत कंठ, जीभ, ओठ धड असून मेंदूंतील विकारामुळें शब्दच हातीं लागत नाहींत; यालाच आतां वाचाघात म्हणतात. तिसरा प्रकार सर्वांत दारुण: बुद्धि आहे, शब्दहि आहेत, परंतु सारें शरीर निश्चेष्ट झाल्यामुळें त्यांना बाहेर पडावयास वाटच उरलेली नाहीं.

आमच्या प्राचीन भाषाचिंतकांनीं वाणीच्या पायऱ्या कल्पिलेल्या आहेत. भर्तृहरीच्या ‘वाक्यपदीया’त पश्यन्ती, मध्यमा आणि वैखरी अशा तीन सांगितल्या आहेत, पुढील शैव ग्रंथांत आणि आमच्या संतवाङ्मयांत त्यांच्या वर परा धरून चार झाल्या. कानांस ऐकूं येते ती वैखरी, म्हणजे सर्वांत खालची पायरी. ही विभागणी मान्य केली, तर वैखरी गेल्यानें वरच्या पायऱ्या ढांसळत नाहींत हें ओघानेंच आलें. परंतु व्यवहारांत जग असें वागलेलें नाहीं. ज्याला बोलतां येत नाहीं त्याला समजतहि नाहीं, हाच समज सर्व देशांत रूढ झाला. इंग्रजींतील ‘डंब’ हा शब्द मुका आणि मूर्ख अशा दोन्ही अर्थांनीं चालतो, तो उगाच नव्हे. हा समज मोडण्याचें काम ज्यांनीं केलें, त्यांत तत्त्वज्ञ थोडे. ज्यांची वाचा गेली असे लोकच पुष्कळ. आणि त्यांचे प्रसंग एकापुढें एक ठेवून पाहिले म्हणजे आणखी एक गोष्ट ध्यानीं येते. वाचा गेलेल्या मनुष्यानें जो जो मार्ग काढला, तो त्याच्या एकट्याच्या बुद्धिबळानें कधींच पूर्ण झाला नाहीं. पलीकडे थांबून समजून घेणारें दुसरें माणूस असावें लागलें.

पहिला प्रसंग डॉ. सॅम्युएल जॉन्सनचा. ज्यानें इ. स. १७५५ मध्यें इंग्रजी भाषेचा कोश सिद्ध केला, आणि ज्याच्या संभाषणाची कीर्ति त्याच्या ग्रंथांहूनहि अधिक पसरली, त्याचीच वाचा एके रात्रीं गेली. १६ जून १७८३ या दिवशीं ७३ वर्षांचा जॉन्सन आपलें चित्र काढून घेण्यास बसला, बराच पायीं चालला, आणि संध्याकाळीं त्याला प्रकृति हलकी वाटली. रात्रीं लंडनमधील बोल्ट कोर्टांतील आपल्या घरीं तो निजला. पहाटे तीनच्या सुमारास तो जागा झाला, तों डोक्यांत कांहीं तरी घोटाळा झाल्याचें त्याला जाणवलें. त्यानें पहिली प्रार्थना केली ती अशी, कीं शरीराचें काय व्हावयाचें तें होवो, पण बुद्धि शाबूत राहो. आणि ती शाबूत आहे कीं नाहीं याची परीक्षा पाहावी म्हणून ती प्रार्थना त्यानें मनांतल्या मनांत लॅटिन पद्यांत रचली. पद्य कांहीं फारसें साधलें नाहीं. परंतु तें साधलें नाहीं हें आपणांस कळत आहे, एवढ्यावरूनच त्यानें अनुमान काढलें कीं बुद्धीस धक्का लागलेला नाहीं. वाचा गेल्याचें त्याच्या ध्यानीं आलें तें यानंतर. ती परत यावी म्हणून त्यानें थोडें मद्य घेतलें, अंग जोरानें हलवून पाहिलें. उपयोग झाला नाहीं. तेव्हां तो पुन्हां झोंपीं गेला.

सकाळीं त्यानें चिठ्ठी लिहून नोकराच्या हातीं दिली. जॉन्सननें दोनच दिवसांनीं श्रीमती थ्रेल यांस लिहिलेल्या पत्रांत या क्षणाचें वर्णन केलें आहे. नोकर बोलत बोलतच आंत आला, आणि मालक बोलावयाचें सोडून कागद कां पुढें करीत आहेत हें त्याला कांहीं केल्या चटकन उमजेना. पुढें शेजारचा मुद्रक एडमंड ॲलन याला त्यानें पत्र लिहिलें. लिहितांना हात मधून मधून भलतींच अक्षरें काढी. हेबर्डन आणि ब्रॉकल्सबी हे वैद्य आले, उपचार झाले, आणि थोड्याच दिवसांत वाचा हळूहळू परत आली. त्यानंतर जॉन्सन सुमारें दीड वर्ष जगला आणि बोललाहि.

या हकिगतींत जॉन्सनच्या धैर्याचें कौतुक सर्वच चरित्रकारांनीं केलें आहे, आणि तें योग्यच आहे. आमचें लक्ष मात्र त्या नोकराकडे जातें. त्याचा दोष कांहींच नव्हता. परंतु मालकाची वाचा गेली आहे हें त्याला कळेपर्यंत मालकाच्या हातचा कागद म्हणजे नुसता कागद होता. युरोपांतील एक अत्यंत विद्वान् मनुष्य लिहूं शकत होता, आणि तेवढ्यानें भागत नव्हतें. समोरच्यानें आपलें बोलणें थांबवून वाचावयास लागणें अवश्य होतें.

दुसरा प्रसंग फ्रान्स देशांतील माँपेलिये येथील. झाक लॉर्दा हा तेथील शरीरशास्त्राचा प्राध्यापक. इ. स. १८२५ मध्यें एका आजारांत त्याची वाचा गेली. बोलतां येईना, आणि छापलेलें वाचतांहि येईना. पुढें तो बरा झाला, पुन्हां व्याख्यानें देऊं लागला, आणि १८४३ मध्यें स्वतःचाच अनुभव त्यानें प्रसिद्ध केला. त्याचें म्हणणें असें, कीं शब्द हातून गेले असतांहि त्याचे विचार चालू होते. व्याख्यानाची मांडणी तो मनांत करूं शकत होता. ख्रिस्ती प्रार्थनेंतील एखाद्या वाक्याचा समग्र अर्थ मनापुढें उभा राही, मात्र त्यांतील एकहि शब्द आठवत नसे. एके दिवशीं आपल्या ग्रंथसंग्रहाकडे पाहत असतां एका पुस्तकाच्या पाठीवर हिपॉक्रटीझचें नांव त्याला एकाएकीं वाचतां आलें, आणि त्याच्या डोळ्यांत आनंदाश्रु आले.

शब्दावांचून ज्ञानच नाहीं, असा भर्तृहरीचा पक्ष आहे. लॉर्दाचा अनुभव त्याच्या विरुद्ध जातो असें प्रथम वाटतें. आमच्या मतें विरोध तितका नाहीं. अर्थ समग्र उभा आहे आणि पदें अद्याप वेगळीं झालेलीं नाहींत, या अवस्थेलाच तर भर्तृहरीनें पश्यन्ती म्हटलें. माँपेलियेच्या प्राध्यापकाला हा शब्द ठाऊक नव्हता. पण आजारानें त्याला त्या पायरीवर नेऊन उभें केलें होतें, असें म्हणावयास हरकत दिसत नाहीं.

जॉन्सन आणि लॉर्दा हे दोघेहि मान्यवर. आपला अनुभव लिहून ठेवण्यास ते वांचले. तिसरा मनुष्य यांपैकीं कांहींच नव्हता. लबोर्न्य हा बुटांचे लांकडी सांचे करणारा कारागीर. लहानपणापासून त्याला अपस्माराचे झटके येत. तिशीच्या सुमारास वाचा गेली आणि त्याला पॅरिसजवळील बिसेत्र येथील रुग्णालयांत ठेवण्यांत आलें. तेथें तो एकवीस वर्षें राहिला. कांहींहि विचारलें तरी तो ‘तां, तां’ असें दोनदां म्हणे, म्हणून सारे लोक त्याला ‘तां’ याच नांवानें ओळखीत. हावभावांनीं तो पुष्कळ सांगूं पाही; लोकांस उमजलें नाहीं म्हणजे रागावे, आणि क्वचित् एखादी शिवी त्याच्या तोंडून स्पष्ट बाहेर पडे. पुढें उजवें अंगहि लुळें पडलें. बरोबरचे रुग्ण त्याला तापट आणि सूडबुद्धीचा म्हणत. एकवीस वर्षें आपलें म्हणणें कोणास नीट कळलें नाहीं, तर मनुष्य तापट होणार नाहीं तर काय होईल, हा विचार त्यांच्यापैकीं कोणाला सुचला असेल असें दिसत नाहीं.

एप्रिल १८६१ मध्यें पायाला जबर विकार झाल्यामुळें त्याला शस्त्रक्रियेच्या विभागांत हलविलें, आणि तेथें पॉल ब्रोका या शस्त्रवैद्यानें त्याला तपासलें. तुम्ही येथें किती वर्षें आहांत, असें ब्रोकानें विचारलें. लबोर्न्यनें डाव्या हाताचा पंजा चार वेळां उघडला आणि मग एक बोट दाखविलें: एकवीस. उत्तर अचूक होतें. दुसऱ्या दिवशीं तोच प्रश्न केला, तेंच उत्तर आलें. तिसऱ्या वेळीं विचारतांच, हा आपली परीक्षा पाहत आहे हें रोग्यानें ओळखलें आणि त्यानें ती ठेवणींतली शिवी हांसडली. ब्रोकानें हेंहि प्रामाणिकपणें नमूद केलें आहे. त्या शिवीइतका बुद्धि जागी असल्याचा दुसरा पुरावा आम्हांस तरी सांगतां येणार नाहीं.

१७ एप्रिल रोजीं लबोर्न्य वारला, आणि लगेच दुसऱ्या दिवशीं ब्रोकानें त्याचा मेंदू पॅरिसच्या मानवशास्त्रमंडळापुढें ठेवला. डाव्या बाजूच्या पुढील भागांत विकार होता. त्याच वर्षीं ललाँ नांवाचा ८४ वर्षांचा दुसरा रोगी आला. त्याच्यापाशीं मोजून पांच शब्द उरले होते. कोणतीहि संख्या सांगावयाची झाली कीं तो ‘तीन’ या अर्थाचा शब्द उच्चारी, पण बोटें मात्र बरोबर दाखवी. मुलें किती असें विचारतां तोंडानें तीन म्हणे आणि चार बोटें पुढें करी. तोंड चुकत होतें, मन चुकत नव्हतें. अशा अनेक रोग्यांच्या निरीक्षणावरून १८६५ मध्यें ब्रोकानें सिद्धान्त मांडला कीं वाणीचें केंद्र मेंदूच्या डाव्या अर्धांत असतें. लबोर्न्यचा मेंदू पॅरिसमध्यें जपून ठेवलेला आहे.

येथें एक सावधगिरीची सूचना करणें अवश्य आहे. सर्वच वाचाघातांत समज शाबूत राहते असें नाहीं. १८७४ मध्यें कार्ल व्हेर्निके या जर्मन वैद्यानें दाखवून दिलें कीं कांहीं रोगी अस्खलित बोलतात, पण त्यांचे शब्द भलतेच असतात आणि दुसऱ्याचें बोलणें त्यांस कळत नाहीं. म्हणजे बोलण्यावरून समज ओळखावी हा नियम दोन्हीकडून खोटा ठरला: न बोलणाऱ्यास कळत असतें, आणि भरभर बोलणाऱ्यास कधीं कधीं कळत नसतें. अमुक एक मनुष्यास काय कळतें हें त्या मनुष्यालाच विचारून, धीरानें पाहावें लागतें.

आतां ज्यांची वाचा नव्हे पण आवाज गेला, त्यांच्याकडे वळूं. जर्मनीचा युवराज फ्रीड्रिख याला कंठांत कर्करोग झाला. ९ फेब्रुवारी १८८८ रोजीं इटलींतील सान रेमो येथें श्वास घेतां यावा म्हणून त्याच्या गळ्यास छिद्र पाडून नळी बसविण्यांत आली, आणि त्याचा आवाज कायमचा गेला. बरोबर एका महिन्यानें, ९ मार्च रोजीं, त्याचा वृद्ध पिता वारला, आणि ज्याला एक शब्दहि उच्चारतां येत नाहीं असा मनुष्य जर्मनीचा सम्राट् झाला. त्याचें राज्य ९९ दिवस टिकलें. या ९९ दिवसांत तो कागदाच्या कपट्यांवर लिहून बोलला. दरबारांतील पुष्कळांचे डोळे त्याच्या पुत्राकडे लागलेले होते. सम्राट् आतां केवळ नांवाचा उरला आहे असा व्यवहार त्याच्या हयातींतच सुरू झाला होता. तरीहि जून महिन्यांत, मृत्यूस आठवडा उरला असतां, प्रतिगामी म्हणून गाजलेला गृहमंत्री पुट्कामर याला त्यानें अधिकारावरून दूर केलें. १५ जून १८८८ रोजीं तो वारला. लेखणीनें राज्य चालवितां येतें, हें त्यानें दाखविलें. पण लिहिलेलें कोणी वाचावें आणि कोणी नजरेआड करावें हें लेखणीच्या हातीं नसतें, हेंहि त्याच दरबारानें दाखविलें.

कंठाच्या रोग्यांची वाट पुढें पुष्कळ सुकर झाली. १८७३ च्या अखेरच्या दिवशीं व्हिएन्ना येथें बिलरोट या शस्त्रवैद्यानें कर्करोगग्रस्त स्वरयंत्र समूळ काढण्याची शस्त्रक्रिया केली होती, आणि त्याचा साहाय्यक गुसेनबाउअर यानें त्या रोग्याकरितां कृत्रिम स्वरयंत्र तयार केलें होतें. विसाव्या शतकांत हवा अन्ननलिकेंत घेऊन ती ढेंकरेसारखी बाहेर सोडतांना तिचाच आवाज बनविण्याची विद्या रोग्यांस शिकविण्यांत येऊं लागली, आणि १९८० च्या सुमारास श्वासनलिका व अन्ननलिका यांमध्यें बसविण्याची लहानशी झडप प्रचारांत आली. आमच्या प्रांतांत तंबाखूचें व्यसन घरोघर असल्यामुळें मुंबईस १९४१ मध्यें उघडलेल्या टाटा स्मारक रुग्णालयांतील वैद्यांना असे कंठ गमावलेले रोगी परके नाहींत. त्यांचा नवा आवाज घोगरा असतो. तो प्रथम ऐकणारा दचकतो. दचकणें संपेपर्यंत ऐकणारा थांबला, तरच तो आवाज बोलणें होतो.

आतां जो प्रसंग सांगावयाचा तो आमच्याच देशांतील आहे, आणि आमच्या दृष्टीनें या सर्व इतिहासांत तो सर्वांत विचार करण्याजोगा आहे. दुलारी नांवाच्या एका स्त्रीचा गळा कापण्यांत आला. ती शुद्धीवर होती, पण बोलूं शकत नव्हती. तिचा जबाब घेणाऱ्यांनीं एकेक नांव उच्चारून, यानें मारलें काय, असें तिला विचारलें. ती हातानें नकाराची खूण करीत गेली, आणि अब्दुल्ला हें नांव येतांच तिनें होकाराची खूण केली. पुढें ती मरण पावली. मृताचें निवेदन पुराव्यांत घेण्यास १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याप्रमाणें तें लेखी तरी असावें लागे किंवा शब्दोक्त तरी. मग हाताच्या खुणेला शब्दोक्त म्हणावें काय? क्वीन-एम्प्रेस विरुद्ध अब्दुल्ला या खटल्यांत १८८५ मध्यें अलाहाबाद हायकोर्टाच्या पूर्णपीठापुढें हा प्रश्न आला. बहुमतानें निर्णय झाला कीं होय, म्हणावें. शब्द प्रश्नांत आहेत आणि खूण तिची आहे. दोन्ही एकत्र घेतलीं म्हणजे तें तिचें विधान होतें. न्यायमूर्ति सय्यद महमूद यांनीं मात्र भिन्न मत नोंदविलें.

बहुमताचा निर्णय मानवतेला धरून होता याविषयीं शंका नाहीं. तो उलट झाला असता, तर गळा कापून जीभ बंद करणाऱ्या मारेकऱ्यास कायद्याचेंच संरक्षण मिळालें असतें. साक्षीदार मुका असल्यास त्यानें लिहून किंवा खुणांनीं न्यायालयांत साक्ष द्यावी, असें त्या कायद्याचें ११९ वें कलम सांगतच होतें. आणि १ जुलै २०२४ पासून जुन्या कायद्याच्या जागीं आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमांतहि ही सोय कायम आहे. परंतु या निर्णयाच्या पोटांत एक धोका आहे तोहि दृष्टीआड करतां कामा नये. विधान जर दोघांचें मिळून होतें, तर दुसऱ्याची जबाबदारीहि तितकीच. ज्याला केवळ हो आणि नाहीं एवढेंच म्हणतां येतें, त्याला न विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर देतां येत नाहीं. खरें नांव प्रश्नांत आलेंच नाहीं, तर तें त्याच्या मनांतच राहणार. विचारणारा धूर्त असेल तर तो आपल्याच मनांतील गोष्ट मुक्याच्या हातून वदवून घेईल. म्हणून खूण काय झाली एवढेंच नव्हे, तर प्रश्न नेमका काय केला होता, हेंहि लिहून ठेवणें न्यायाचें आहे.

हीच अडचण एका फ्रेंच कादंबरीकारानें त्यापूर्वीं चाळीस वर्षें ओळखली होती. अलेक्झांड्र द्यूमाच्या ‘काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’ या १८४४ ते १८४६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या कादंबरींत न्वार्तिये नांवाचा एक वृद्ध आहे. अर्धांगानें तो पूर्णपणें निश्चेष्ट झाला आहे. फक्त डोळे जिवंत आहेत. डोळे मिटले म्हणजे होय, वारंवार उघडझांप केली म्हणजे नाहीं. त्याची नात व्हॅलेन्टीन त्याच्यापुढें वर्णमाला म्हणते, इष्ट अक्षर आलें म्हणजे तो खूण करतो, आणि मग ती कोशांत बोट फिरवून शब्द काढते. वृद्धाला मृत्युपत्र करावयाचें असतें. दस्तऐवज करणारा नोटरी प्रथम बिचकतो, कीं हें मृत्युपत्र वृद्धाचें कशावरून, नातीचें कशावरून नव्हे? वृद्ध आपल्या डोळ्यांनीं त्याची खात्री पटवितो.

दीडशें वर्षांनीं ही कथा खरी झाली. पॅरिसमधील ‘एल’ या साप्ताहिकाचा संपादक झाँ-दोमिनिक बोबी याला ८ डिसेंबर १९९५ रोजीं, वयाच्या ४३ व्या वर्षीं, मेंदूंत झटका आला. शुद्धीवर आला तेव्हां डाव्या डोळ्याच्या पापणीखेरीज बहुतेक कांहींच हलत नव्हतें. त्याच्यापुढें वर्णमाला म्हणत, ती नेहमींच्या क्रमानें नव्हे. फ्रेंच भाषेंत जें अक्षर सर्वांत अधिक येतें तें प्रथम, या क्रमानें. इष्ट अक्षराला तो पापणी मिटी. क्लोद माँदिबिल या लेखनिक स्त्रीनें अशा रीतीनें अक्षरा-अक्षरानें त्याचें संबंध पुस्तक उतरून घेतलें. तें मार्च १९९७ मध्यें प्रसिद्ध झालें आणि त्यानंतर दोनतीन दिवसांतच, ९ मार्च रोजीं, बोबी वारला. त्या पुस्तकांत न्वार्तियेचें स्मरण आहे. शिवाय एक गमतीची हकिगत आहे. त्याला चष्मा हवा होता, आणि फ्रेंचमध्यें चष्म्याच्या शब्दांतील पहिलीं अक्षरें चंद्राच्या शब्दाचींच आहेत. ऐकणारानें घाईनें शब्द पुरा करून विचारलें, चंद्र कशाला पाहिजे? पुढच्या अक्षरांपर्यंत थांबण्याचा धीर नसला म्हणजे अंथरुणावरच्या मनुष्याला चष्म्याऐवजीं चंद्र मिळतो.

या ठिकाणीं आमच्या भाषेसंबंधीं एक विचार सुचतो. रोमन वर्णमाला ओळीनें म्हणत गेलें तर शेवटच्या अक्षरास २६ वेळां थांबावें लागतें. म्हणूनच क्रम बदलण्याची युक्ति करावी लागली. आमच्या प्राचीन शिक्षाकारांनीं वर्ण उच्चारस्थानांप्रमाणें वर्गवार लावून ठेवले आहेत. क-वर्ग काय? च-वर्ग काय? असें प्रथम विचारावें, आणि वर्ग सांपडल्यावर त्यांतील पांच अक्षरें एकामागून एक म्हणावीं. म्हणजे क पासून म पर्यंतचें कोणतेंहि अक्षर जास्तींत जास्त दहा प्रश्नांत हातीं लागतें. उरलेलीं य, र, ल, व आणि श, ष, स, ह हीं आणखी दोन रांगांत बसतात. मग बाराखडीच्या क्रमानें स्वर विचारावा. आणि बोलण्यांत अ व आ हे स्वर वारंवार येत असल्यामुळें तो बहुधा लवकर सांपडतो. एक पाटी आणि एक खडू एवढ्यावर हें कोणत्याहि घरांत होण्याजोगें आहे.

यंत्रांनीं ही वाट अलीकडे फार रुंद केली आहे. विख्यात शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग १९८५ मध्यें जिनीव्हा येथें न्यूमोनियानें अत्यवस्थ झाले, आणि गळ्यास छिद्र पाडावें लागल्यामुळें आधींच क्षीण झालेली त्यांची वाणी पूर्ण गेली. प्रथम तेहि अक्षरांच्या तक्त्यासमोर भुंवई उंचावून शब्द जुळवीत. मग एका संगणकतज्ज्ञानें दिलेल्या योजनेनें ते मिनिटास सुमारें पंधरा शब्द जुळवूं लागले, आणि यंत्र ते उच्चारी. पुढें यंत्राचे अधिक गोड आवाज निघाले. हॉकिंगनीं आपला जुना, कोरडा आवाज २०१८ मध्यें मृत्यु येईपर्यंत बदलला नाहीं, कारण तो त्यांचा झाला होता. २०२१ मध्यें अमेरिकेंतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या वैद्यांनीं पंधरा वर्षांहून अधिक काळ न बोललेल्या एका रोग्याच्या मेंदूंतील विद्युत्-संदेशांवरून पन्नास शब्दांच्या संग्रहांतील शब्द ओळखून पडद्यावर आणले. ही प्रगति नवलाची खरीच. पण यंत्र उच्चार करील. उच्चार पुरा होईपर्यंत समोर बसून राहण्याचें काम यंत्राला करतां येत नाहीं.

आणि तें काम आमच्या घरांत कसें होतें? अर्धांगवायूनें वाचा गेलेलें वडील माणूस अंथरुणावर पडलेलें असतें. समाचारास आलेली मंडळी उशाशीं बसून, ‘आतां यांना कांहीं कळत नाहीं’ असें त्यांच्याच देखत म्हणतात. कोणी बहिऱ्याशीं बोलावें तसें ओरडून बोलतो; कोणी तान्ह्या मुलाशीं बोलावें तसें लाडानें बोलतो. प्रश्न विचारून उत्तराची वाट न पाहतां दुसरा प्रश्न विचारला जातो, आणि घरचें कोणी तरी मध्येंच म्हणतें, ‘त्यांना चहा नको असेल.’ अशाच अंथरुणाशीं कधीं कधीं कागद आणला जातो, शाई लावलेला अंगठा कोणी तरी धरून त्यावर टेकवितो, आणि शेतजमिनीचा निकाल लागतो. बोलणाऱ्या मनुष्याचें मत डावलण्यास निदान त्याच्याशीं भांडावें तरी लागतें. न बोलणाऱ्याचें डावलण्यास कांहींच करावें लागत नाहीं. नुसती घाई पुरते.

वाचाविकारांवर उपचार करणाऱ्या संस्था आपल्या देशांत आहेत. म्हैसूर येथें १९६५ मध्यें वाक्‌श्रवणविद्येची अखिल भारतीय संस्था निघाली; मुंबईस वांद्रें येथें १९८३ मध्यें अली यावर जंग यांच्या नांवाची राष्ट्रीय संस्था निघाली. तज्ज्ञांचें साहाय्य जितकें लवकर घेतां येईल तितकें घ्यावें. परंतु तज्ज्ञ दिवसांतून घटकाभर भेटणार. उरलेला दिवस घरच्यांचा आहे. एका वेळीं एकच प्रश्न विचारावा. तो होय-नाहींत उत्तर देतां येईल असा असावा. होकाराची खूण कोणती आणि नकाराची कोणती हें आधींच ठरवून घरांतल्या सर्वांस सांगून ठेवावें. उत्तर आल्यावर तोच प्रश्न उलट करून विचारावा, म्हणजे खूण खरी कीं हात सहज हलला हें कळतें. व्यवहाराची गोष्ट असेल तर प्रश्न आणि खूण दोन्ही, त्रयस्थाच्या समक्ष, लिहून ठेवावीं. आणि लबोर्न्यसारखा एखादा चिडला, तर तो बिघडला असें न मानतां, आपण काय समजलों नाहीं याचा प्रथम शोध करावा.

जॉन्सनचा नोकर बोलत बोलत आंत आला होता. थोड्या वेळानें तो थांबला, कागद त्यानें हातीं घेतला आणि वाचला; तेथून पुढें वैद्य आले, मित्र आले, वाचाहि आली. वैखरी एकाची गेली म्हणजे दुसऱ्यानें आपली वैखरी थोडा वेळ आवरावी, एवढेंच या सगळ्या इतिहासाचें मागणें आहे.